मोजणी

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी कोऱ्या नोटा मोजल्या.
अजून अंगठा ओला स्पंज शोधतो
दोडक्याच्या बिया वेगळ्या करताना.

जेल रोडच्या गच्चीवर
सगळ्यात देखणं वांगं मी तोडू देत नाही.
पिवळं पडू दे, सुरकुतू दे.
हे रोज त्याच्यापुढे उभे राहून
भरल्या वांग्याची आठवण काढतात.

पाण्यावर तरंगते ती बी पोकळ.
बुडाली ती आपली.
सावलीत वाळवायची, राखेत घोळवायची,
मग खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
वर चिकटपट्टी: नाव, गाव, साल.

‘वाल. भोयेबाई, सुरगाणा. २०१४.’
भोयेबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली.
मे महिन्यात त्यांच्या दहा बिया
ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.
पाचव्या दिवशी उघडलं,
चार जाग्या झालेल्या.

चार. पुन्हा मोजल्या.
तिकडे एक नोट कमी भरली की
दारं बंद व्हायची,
घामेजून बसायचो सगळ्या.
इथं दहात सहा कमी
आणि मी चार कुंड्या धुवायला घेतल्या,
आतूनच ओरडले,
अहो, त्या वांग्याला हात लावू नका.