किनवटहून आत

मुनीरच्या शिलाई मशिनवर
कोंबड्याच्या मानेचं पीस, लाल दोरा.
गळाला गुंडाळून तो म्हणतो, बघा,
माशी.
भुजंगराव चष्म्यावरून पाहतात:
हिला मासा काय, माझी म्हैस बी फसायची न्हाई.

शनिवारी निघायचं. सहा जण.
फटफट्या तांड्यापाशी सोडायच्या,
पुढं दोन कोस पायी.
मीठ, तिखट, ज्वारीचं पीठ.
पातेलं कोण उचलणार
यावर अर्धा तास गेला.
सटवाजीचा गुडघा, सटवाजीचा हट्ट.

जंगू आत्राम उंबऱ्यातच बसलेला.
वाट त्याच्या एकट्याच्या पायात.
वाहत्या पाण्यातला मासा, म्हणाला,
सावली ओळखतो. पांढरे सदरे नकोत.
हसायचं ते अलीकडच्या टेकडीवरच हसून घ्या.

अन् घावतील किती?
जंगूनं बोटं उघडली, मिटली,
एक परत उघडलं.
उन्हाळ्यात डोह गुडघ्याएवढा झालता,
तव्हा मोजले मी.
अकरा.

मशिन थांबली.
मुनीरनं यादीतलं पातेलं
कापडाच्या खडूनं खोडलं
आणि गळाचा उलटा काटा
घासून टाकायला
कानस शोधू लागला.

सटवाजी म्हणाला, मग मी येतोच.