वेस

नार्वाहून बाटली आली.
फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला चार मिलिमीटर माणूस.
आर्काडी लुक्यानोव, एकसष्ट, डावा गाल,
आणि हेल्वेच्या घाईच्या अक्षरात तीन प्रश्नचिन्हं:
एक ल्युपसचं, एक सारकॉइडचं,
तिसऱ्याआधी तिनं शब्दच लिहिला नाही.
मीही तो लिहायची घाई करत नाही.

बाकीचा माणूस मला फोनवरून कळतो.
नदीत धरतो ते बिनजबड्याचे, सापासारखे मासे,
भाजून व्हिनेगरात मुरवून विकतो.
गालावर दीड वर्षं मनुक्याच्या रंगाची चकती,
दुखत नाही, खाजत नाही,
हलतही नाही.
आरशावर त्यानं टॉवेल टाकलाय,
दाढी करतो ती चाचपत.
आधी मलम झालं, मग गोळ्या,
मग कुणी म्हणालं, ऊन बाधलं.
नार्वाला. नोव्हेंबरात. ऊन.

काच सरकवते.
डाळिंब फोडावं तसे लाल दाणे,
पेशींवर पेशी,
बारीक शिरांना लगटलेल्या,
केसांच्या मुळांना वळसा घालून बसलेल्या.
एकतीस वर्षं झाली या खुर्चीत,
तरी एवढी गर्दी दिसली की धस्स होतं.

मग थोडं वर जाते.
कातडीच्या आतल्या कडेला लागून
एक फिकट, निवांत पट्टी.
खाली एवढा जमाव,
पण तिथं कुणी पाऊल टाकलेलं नाही.
पुस्तकात तिला जर्मन नाव आहे, अर्थ सीमा.
मी मनात म्हणते, वेस.
दंगा आहे, पण वेस राखून आहे.

हे त्याला सांगू नकोस, हेल्वेला म्हणाले.
त्याची बहीण पुलापलीकडे राहते,
पूल रात्री बंद असतो,
दिवसा रांग.
त्याला सीमेचं कौतुक कशाला ऐकवायचं?
एवढंच सांग: दुर्मिळ आहे, निरुपद्रवी आहे.
नाव लांबलचक आहे, ते कागदावर राहू दे.

जाईल का, त्यानं विचारलं म्हणे.
बहुतेक नाही.
मारेल का?
नाही.
मग बराच वेळ तो काही बोलला नाही,
आणि टोपी घालून निघाला,
दारातून परत आला, हातमोजे विसरले होते.

टॉवेलचं काय झालं, ठाऊक नाही.
पण या आठवड्यात कुरिअरनं एक बरणी आली,
झाकणाला दोरा, आत व्हिनेगर, आत वेटोळी.
पोरांनी नोंद न बघता ती
नमुन्यांच्या फळीवर ठेवून दिली.
नशीब, त्यानं चिठ्ठी चिकटवली होती,
मोठ्या, सावकाश अक्षरात:
खाण्यासाठी.