खलास

मस्कतहून निघताना मुराद म्हणाला,
तुला काय ती मातीची घरं बघायची,
तिथे आता कोणी राहत नाही, शेळ्यासुद्धा नाहीत.
मी म्हटलं, चल तर.
शुक्रवार. गाडीत कालच्या उकडलेल्या चण्यांचा वास
आणि दोन तास नुसता डोंगर,
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा.

अल हमरा.
पायाशी खजुरांचं हिरवं, इतकं दाट
की वरची घरं
कोणीतरी वाळत घालून विसरल्यासारखी.
तिमजली. खिडक्या सताड.
एका चौकटीवर अजून निळा रंग,
नखाएवढा.

किल्ली जाहिर बिन हुमैदकडे होती, हातभर लांब.
सत्तरीचा माणूस, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं.
मुराद मध्ये उभा राहून अरबीचं हिंदी करत होता,
निम्मं स्वतःच्या पदरचं.

तळमजल्यावर एक खोली, बिनखिडकीची.
जमिनीत चर पाडलेले, शेजारी शेजारी,
वाफ्यातल्या सऱ्यांसारखे.
इथे खजुराची पोती रचायची, पार छतापर्यंत.
मग दार लावून घ्यायचं.
दाबायचं नाही, तुडवायचं नाही.
पोत्यांच्याच वजनानं आणि उन्हाळ्यानं
रस सुटायचा,
चरांतून कोपऱ्यातल्या रांजणात.
"किती दिवसांत?"
जाहिरनं खांदे उडवले.
मुराद म्हणाला, "म्हणतो, त्यालाच विचार."
कोणाला, ते नाही सांगितलं.

मी वाकून चरात बोट फिरवलं.
कोरडं. तरी जिभेला लावलं.
सवय.

दिंडोरीला अकरा वर्षं मी हेच करत होतो.
पोलादी टाक्यांच्या रांगेत, पहाटे, ग्लास तिरका धरून
घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा.
लोकांना वाटायचं, मजा आहे याची.
आई शेजारणीला सांगायची, द्राक्षांच्या कंपनीत आहे.
कंपनी विकली गेली.
आता समुद्राचं पाणी गोडं करतात त्या कारखान्यात
नमुने तपासतो.
चव लागता कामा नये, हीच तिथली चव.

जाहिरनं विचारलं, तुझ्या गावी काय पिकतं?
"द्राक्षं."
वाळवता?
"काही."
आणि बाकीची?
मी मुरादकडे पाहिलं. मुरादनं छताकडे.
"रस," मी म्हणालो.
जाहिरचा चांगला डोळा माझ्यावर थांबला,
मग तो काहीतरी बोलला आणि खोकला येईपर्यंत हसला.
"म्हणतो, रस फार दिवस एकटा ठेवू नये.
पोरांसारखाच. बिघडतो."

बाहेर फलज वाहत होता, वीतभर रुंद.
सावली कुठल्या दगडावर आली
त्यावरून पाण्याची पाळी.
अरबी शब्द लगेच विसरलो,
पण दगडांवरच्या खुणा ओळखीच्या निघाल्या;
आमच्या पाटावर पाटकरी उभा असायचा, काठी घेऊन.
जाहिरची पाळी सकाळीच होऊन गेली होती, अर्ध्या तासाची.
मी ओंजळीनं प्यायलो.
चुना. किंचित लोखंड. आणि शेवटी, फार उशिरा,
पुदिन्यासारखं काही,
वर कोणीतरी जुडी धुतली असेल.
चार वर्षांत पहिल्यांदाच
पाण्याला चव होती आणि कोणाला कळवायचं नव्हतं.

कहवा आला. मागून खजुरांची थाळी.
"खलास," जाहिर म्हणाला.
मी हात मागे घेतला. म्हटलं, संपले वाटतं.
मुरादनं गुडघ्यावर थाप मारली,
अरे नाव आहे ते, जातीचं नाव!
सोनेरी, साल सुटत आलेली.
तोंडात टाकला.
थुंकण्यासारखं काहीच नव्हतं.
बी सोडून.

निघताना त्यानं पाण्याच्या बाटलीत दिब्स भरून दिला,
काळा, आळशी.
पैसे घेतले नाहीत.
किल्ली खांद्यावर टाकून उतारावरून गेला,
कुदळ टाकावी तशी.

रात्री रुवीच्या खोलीत बघतो तर
पिशवी चिकट. बूच नीट बसलंच नव्हतं.
आणि चौथ्या मजल्यावर, एसीच्या भोकातून
मुंग्या आलेल्या, रांगेनं.
यांना कोणी सांगितलं?
फडकं ओलं केलं.
मग ते हातात धरून तसाच बसून राहिलो,
त्यांची पाळी होईपर्यंत.