पाणसळ

हसू नकोस, एल्बा.
मासळीचा असला तरी ट्रक आहे तो,
सतरा वर्षं सॅमनची खोकी आणि बर्फ वाहिलेला.
कंपनी बुडाली, आणि एलियासारनं तो भंगाराच्या भावात आणून
अंगणात उभा केला, सफरचंदाच्या झाडाखाली, उतारावर आडवा.
दोन दगड लावले चाकांना, घरंगळू नये म्हणून.

तू कुंपणावरून म्हणालीस, "नोल्फा, आता काय गाडीत नांदणार?"
अगं, आपल्या बेटावर घरं चालतात.
तुझ्या आजोबांचं घर बैलांनी टेकडीवरून ओढत नेलं
तेव्हा मी सात वर्षांची होते.
पडदे तसेच होते, खिडकीत तुझी आत्या
मांजराला घट्ट धरून बसली होती.
आमचं डिझेलवर चालेल, एवढंच.

वास जाईना.
व्हिनेगरनं धुतला, राखेनं घासला, लिंबं पिळली.
अजूनही दमट दिवशी त्याला आठवतं सगळं,
आणि गावभरची मांजरं चाकांशी येऊन बसतात
कीर्तनाला बसावीत तशी शांत.

एलियासारनं जन्मभर होड्या बांधल्या.
त्याला काटकोन माहीत नाही.
भिंतींना बरगड्या घातल्या सायप्रसच्या, वाफेवर वाकवून,
मध्ये मेंढीची लोकर ठासली,
कपाटाचं दारसुद्धा नाकाडासारखं पुढे आलेलं.
ओठांत खिळे धरून बोलायचा, त्यामुळे चार महिने
मला त्याचं निम्मंच कळलं.
मला फळीवर आडवं करून डोक्यापाशी, टाचांपाशी
खडूनं रेघ मारली.
स्वतःची लांबी अंदाजानं घेतली.
त्याचे पाय पलंगाबाहेर आहेत ते म्हणून.

प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवायचा.
बुडबुडा मधोमध आला की मला हाक.
मी पीठ भरल्या हातांनी जायची, वाकून बघायची,
"आला," म्हणायची.
हात कापतात हल्ली त्याचे. बुडबुडा कापत नव्हता.

निघालो.
फेरीनं खाडी ओलांडली, आणि पहिली रात्र
पेट्रोल पंपामागे, गुळगुळीत सिमेंटवर.
मी टेबलावर अंडं ठेवलं.
ते निघालं. सावकाश, कामावर निघाल्यासारखं,
डावीकडे, कडेपर्यंत, आणि खाली.
सूप ताटलीच्या एकाच अंगाला.
खण आपोआप उघडले, जणू कोणी आत काही शोधतंय.

एलियासारनं पाणसळ काढली.
टेबलावर ठेवली, मग पलंगाच्या कडेवर, मग शेगडीपाशी.
बुडबुडा सगळीकडे एकाच टोकाला जाऊन बसलेला.
तेव्हा दोघांना एकदमच कळलं, एल्बा.
चार महिने ट्रक उतारावर उभा होता.
त्यानं आमचं सगळं घर
आमच्या अंगणाच्या हिशोबानं सपाट केलं होतं.
उभ्या जगात एकच जागा आहे
जिथे हे टेबल सरळ आहे,
आणि तिथे आता तुझ्या कोंबड्या चरत असतील.

मी हसले. फार हसले, खरं सांगते.
तो नाही हसला.
ओल्या बोटांनी फरशीवरचं बलक पुसत राहिला.
मग टॉर्च घेऊन खाली उतरला.
ते दोन दगड त्यानं सोबत घेतले होते, मला न सांगता;
म्हणे, सवयीचे आहेत चाकांना.
डाव्या बाजूला मांडले, गाडी सुरू केली,
बोटभर पुढे, बोटभर मागे,
मी आत पाणसळीवर वाकलेली, जशी घरी वाकायची.
"आला?"
"थांब... अजून... आला."

आता रोज संध्याकाळी आम्ही आपलं अंगण शोधतो.
समुद्राकाठी एकदा सापडलं, दगडांशिवाय,
दोन दिवस राहिलो.
लोकांना वाटतं म्हातारी-म्हातारा देखावा बघतायत.

ब्राउलियो फोनवर विचारतो, कुठवर आलात.
पोरगी मागून ओरडते; आवाज ऐकलाय तिचा, तोंड नाही पाहिलं अजून.
कालामा नऊशे किलोमीटर राहिलं.
तिकडे पाऊस पडत नाही म्हणे,
आणि जमीन ताटासारखी सपाट आहे.

दगड पलंगाखाली ठेवलेत, पोत्यात गुंडाळून.
वळणावर एकमेकांवर आपटतात.