सहावी पाकळी

चाळीस वर्षं रोसामेल
इंजिनाचा ताप मनगटावर बघत आला.
मागच्या भोकातून पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा,
बाळाच्या दुधाची धग बघावी तसा,
आणि म्हणायचा, चला.
चिलोएच्या थंडीत शिंपले उपसून उपसून
बोटं लाकडाची झाली.
गेल्या जूनमध्ये धार वाफाळत होती,
तरी तो म्हणाला, चला.

मग नोल्फाने पुएर्तो मोन्तहून दाबमापक आणला.
बिस्किटाएवढी तबकडी, शून्य ते तीस.
"पाण्याला काय नाडी असते?" म्हातारा गुरकावला.
"असते बाबा. तुम्हाला आता लागत नाही, इतकंच."

तिने इंजिनाच्या कुशीतलं बूच काढलं,
तिथे पितळी निपल बसवलं,
आट्यांवर टेप दोन वेढे, तिसरा नाही.
नळी सैल सोडली, कारण इंजिन मान वळवतं
आणि ताणलेली नळी पहिल्याच वळणाला सुटते.
ती दुमडणार नाही, तापल्या लोखंडाला टेकणार नाही
असं बघत बघत
सुकाणूपाशी आणली.
तो लांब बसून जाळं विणत होता, म्हणजे बघत होता.

"पाणी इथवर चढतं?"
"नाही. नळीत हवा असते.
पाणी खालून रेटतं, हवा काट्याला सांगते."
तो बराच वेळ गप्प.
"म्हणजे ऐकीव," म्हणाला.

मंद चालीत काटा दोनावर,
तेवढं पुरे, घाबरायचं नाही.
पूर्ण वेगात चौदा.
नोल्फाने चौदाच्या समोर काचेवर
नखं रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका दिला.

तांकी बेटापाशी, ऑगस्टात, काटा अकरावर आला.
मग नऊ.
धार पडतच होती, जरा बारीक,
म्हाताऱ्याचा हात तिच्याखाली, आणि तोंडात तेच, चला.
तिने इंजिन बंद केलं.
भरतीने होडी उलटी वाहू लागली,
आणि तो जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

वल्ही मारून घरी. पंप उघडला.
रबरी चक्राला सहा पाकळ्या असतात,
निघाल्या पाच.
नवं चक्र हातात तयार होतं,
तरी तिने बसवलं नाही.
"सहावी कुठेय?"
त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी होती.
दोघं रात्रभर वाटा शोधत बसले:
वरची नळी, वाकण, शेवटी थर्मोस्टॅटचं घर.
तिथे होती, काळी, मुडपलेली,
कढईत राहिलेल्या मिरचीच्या सालीसारखी.
त्याने ती खिशात टाकली. का, ते विचारू नये.

परवा पहाटे धक्क्यावर तिला आवाज आला, टक टक.
इंजिन रात्रीपासून बंद,
काटा मात्र तिनावर उभा,
आणि म्हातारा नखाने काच वाजवत होता.
"खोटं बोलतोय," म्हणाला. "कालचं सांगतोय."
नळी दोन्हीकडून सोडवली, एक टोक ओठांत धरलं,
गाल फुगवून फुंकर मारली.
मिठाचा एक खडा, तांदळाच्या कणीएवढा,
फळीवर उडाला.

काटा शून्यावर पडला.
त्याने नळी परत बसवली, क्लिप आवळली,
आणि धारेखाली हात धरायला वाकला,
सवयीने.
मग आधी तबकडीकडे बघितलं.
मग नोल्फाकडे.
चला म्हणाला नाही.
वाट बघत राहिला, ती म्हणेपर्यंत.