नळी

अर्धा तास पाणीसुद्धा नको, असं खोक्यावर लिहिलंय.
शिवलीला ओट्यावर बसलीय तोंड मिटून,
उदगीरच्या उन्हात, घड्याळाकडे बघत.

मागच्या माघात हेळवी आला होता,
बैलावर चोपड्या लादून.
सात पिढ्या एका दमात म्हटल्या त्यानं :
मन्मथाचा गुरलिंग, गुरलिंगाचा बसाप्पा...
पोरीनं मोबाइलवर सगळं टिपलं, मग विचारलं,
"आणि ह्यांना जन्म कुणी दिला?"
हेळव्यानं पान उलटलं. चहा मागितला.

तेव्हापासून माझ्या मागं लागलीय.
तुझी आई? नागरबाई.
तिची? काशीबाई, कंधारची.
तिची?
देवणीकडची कुणीतरी. गाई लई कळायच्या म्हणे तिला.
पोरीनं नावाच्या जागी तेच लिहिलं :
गाई कळायच्या.

आता थुंकतेय नळीत. रेघेपर्यंत भरेना,
वर हसू येतंय.
मी चिंच दाखवते, लांबूनच.
फेस बसायची वाट बघतो दोघी.

दीड महिन्यानं अहवाल येईल.
त्यात कुणाचंच नाव नसेल, हे तिला ठाऊक आहे.
तरी पाकिटावर, पाठवणाऱ्याच्या रकान्यात,
तिनं आधी स्वतःचं घातलं, खाली माझं,
खाली नागरबाई, काशीबाई, बारीक अक्षरात.

पोस्टातला बाबू म्हणाला,
एकच नाव लिहा, ताई.