चौथं तोंड

बुधवार. जुन्या बाजारात पाने, पितळी कुलुपं,
जोडीदार हरवलेले बूट मांडून झालेत,
आणि मी मागच्या गल्लीत, जब्बार मिस्त्रींच्या खड्ड्यात,
साठीला चार कमी, केसांना ओढणी गुंडाळून
जीपच्या पोटाकडे बघत उभी.

गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या मागे विहिरी मोजत फिरले.
ओढे ओलांडले. पाणी कुठपर्यंत चढलं ते तेव्हा पाहिलं नाही.
तेव्हापासून रिव्हर्समधून पहिल्यात टाकलं
की खालून येतं – कट्.
जीभ टाळ्याला लावून कुणी नापसंती दाखवावी तसं.

"क्रॉस सुके पडलेत," मिस्त्री म्हणाले,
गाडी अजून रस्त्यावरच होती.

पूर्वी ते स्वतः उतरायचे.
दिवाळीपासून उजवा खांदा धरलाय,
हात छातीपर्यंत येतो, पुढे नाही.
भिंतीवर बोटं चालवत न्या, असं दवाखान्यातल्या मुलीनं सांगितलंय.
कॅलेंडरखाली काळ्या बोटांची एक पायवाट आहे,
रोज तिथंच संपणारी.

म्हणून ते स्टुलावर, आणि ग्रीसगन माझ्या हातात.
"आधी निपल पुसा. नाहीतर माती तुम्हीच आत ढकलाल."
पुसते. फडकं कुणाच्या तरी सदऱ्याचं,
एक बटण अजून इमानानं चिकटलेलं.

मागच्या शाफ्टचा पहिला क्रॉस लगेच सापडतो.
दुसऱ्याचं निपल वर तोंड करून बसलंय.
"उस्मान, अर्धा फूट!"
नातू ढकलतो. शाफ्ट फिरतो,
निपल येतं, आणि निघून जातं.
"मागं घे. चार बोटं. तुझी नव्हं, माझी."

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
इतका वाकडा दांडा फिरतो तरी कसा?
"सरळ कुठं काय असतं, ताई?
इंजिन वर बसून सांगतं, धुरा खाली उड्या मारतो.
मधे हा मुठीएवढा. ह्याला दोघांचं ऐकावं लागतं."
मी हसले होते. त्यांनी बिल पुढे केलं होतं.

एक. दोन.
तिसऱ्या दाबाला जुनं ग्रीस बाहेर येतं, तांबूस, पाणचट.
हा रंग माझ्या ओळखीचा.
ताम्हिणीच्या अलीकडचा जांभा,
वर्षभर माझ्यासोबत हिंडला, सिंहगड रोडच्या सिग्नलला थांबला,
मंडईत भाजीला आला.

"किती तोंडं बोलली?"
"तीन."
"चौथं?"
"गप्प."

नवीनच टाकू या का, म्हणते.
मिस्त्री उत्तर देत नाहीत. मग म्हणतात,
"त्या कपाची पट्टी अर्धा आटा सैल करा.
आता दाबा. जोर नको. नुसता दाब ठेवा."

ठेवते.
मनगट थरथरतं. मानेवरून काहीतरी चालत जातं, मुंगी किंवा घाम.
बाजारातून घंटा वाजवून बघितल्याचा आवाज, मग घासाघीस.
वर स्टुलावर त्यांचा उजवा हात
नसलेली दांडी धरून माझ्याबरोबर हळूहळू वळतोय,
आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

पुक्.
आधी हवा. मग तिखटासारखी लाल भुकटी.
मग दोऱ्याएवढं, हिरवं, नवं.

"चार," मी म्हणते.
"पट्टी आवळा. पुढचा शाफ्ट राहिलाय."

निघताना घासलेटानं हात धुतले, तरी नखं तशीच.
पैसे त्यांनी डाव्या हातानं खिशात टाकले.
गल्लीतून रिव्हर्स घेतला, पहिल्यात टाकली.
कट् आलं नाही,
की बाजाराच्या गलक्यात बुडालं?
काच खाली केली. पुन्हा रिव्हर्स. पुन्हा पहिला.

आरशात उस्मान हसत होता.
मिस्त्री नाही.
ते कान देऊन उभे होते.